भिंतीतली टाकी आणि आमचे भावजी

भावजी गेले तेव्हा माणसं भेटायला येत होती. यायची, बसायची, चांगला माणूस होता म्हणायची, कुणाच्या अध्यात ना मध्यात म्हणायची, आणि उठायच्या आधी हळूच तेच काढायची. बाकी सगळं ठीक, पण कामात हात कच्चा होता बिचाऱ्याचा, घरचीच टाकी गळत होती ना किती तरी महिने. मी चहाचे कप गोळा करत ऐकत होते. शेवटी मामांनी, म्हणजे माझ्या मामेसासऱ्यांनी, काय केलं ते पुढे सांगते, पण त्या दिवशी ठरवलं की हे आता एकदा सांगायचं. माझं शिक्षण बेताचं, बोलते तसंच लिहितेय, समजून घ्या.

भावजी म्हणजे माझे दीर, ह्यांचे धाकटे भाऊ. नळाचं काम करायचे. हे फरशी बसवायचे. दोघं भाऊ एकत्रच काम घ्यायचे, कारण कामच तसं असतं, आधी एकानं पाइप भिंतीत घालायचे आणि मग दुसऱ्यानं ती भिंत झाकायची. मी लग्न होऊन आले तेव्हा भावजी अगदी कोवळे होते, मिसरूड फुटलेलं, आणि तेव्हापासून खिशात वॉशर. कपडे धुताना मी आधी खिसे उलटे करायचे. चिल्लर कधी निघाली नाही, वॉशर निघाले.

कुणाच्याही घरी गेलं की हा माणूस आधी न्हाणीघरात. आम्ही बाहेर बोलत बसायचो आणि आतून पाना पडल्याचा आवाज यायचा. लग्नाचं बोलायला एका घरी गेलो होतो तर तिथेही हेच. आत गेले ते बाह्या भिजवूनच बाहेर आले, मुलीच्या बापाला म्हणाले तुमच्या टाकीचा फ्लोट अडकत होता, आता त्रास नाही. त्यांचा निरोप आला, नळ झकास चालतोय, पण मुलीच्या मनात नाही. हे पोट धरून हसले. मी म्हणाले, भावजी, तुम्ही बायको बघायला जाता की वॉशर बदलायला? ते म्हणाले, वहिनी, वॉशर निदान खराब झाला की सांगतो तरी. मग लग्नाचं राहूनच गेलं. वरच्या खोलीत राहायचे, जेवायला खाली.

दोघा भावांची एक रीत होती. पाइप जोडून झाले की पाणी भरून ठेवायचं, आणि भावजींनी सगळ्या सांध्यांवरून हात फिरवायचा. हात कोरडा निघाला की म्हणायचे, बंद कर दादा. ते म्हणेपर्यंत हे सिमेंटला पाणी लावायचे नाहीत. आमचे हे म्हणजे स्वतःच्या आईचं न ऐकणारा माणूस. मुकादमाला शिव्या देऊन काम सोडून आलेले. पण भावजींनी बंद कर म्हटल्याशिवाय एक फरशी लावली नाही कधी.

सासूबाईंचे गुडघे गेले तेव्हा आम्ही घरात कमोड बसवायचं ठरवलं. ह्यांना हौस, की मोठ्या लोकांकडे असते तशी फ्लशची टाकी भिंतीच्या आत पाहिजे, बाहेर नुसतं बटण. भावजी नको म्हणत होते. म्हणायचे, दादा, जे दिसत नाही ते गळायला लागलं की माणसं एकमेकांकडे बघतात. पण ह्यांच्यापुढे कुणाचं चाललंय. बसवली टाकी आत. भावजींनी हात फिरवला, बंद कर दादा म्हणाले, आणि ह्यांनी वर फिकट निळी फरशी लावली. काय लावली होती. एक रेघ इकडची तिकडे नाही. सासूबाई शेजारणींना बोलावून संडास दाखवायच्या, जसं काही देवघर.

मग ह्यांचं दुखणं आलं. ते मी लिहीत बसत नाही. मूत्रपिंडं गेली, हात थरथरायला लागले, काम सुटलं. त्याच सुमाराला सासूबाई कमोडवरून उठताना पडल्या. हाड मोडलं नाही पण धसका घेतला, जायच्याच नाहीत, पाणी प्यायचं कमी केलं. ह्यांना ते बघवेना. एक दिवस दुपारी भावजी कामावर, मी बाजारात, तेव्हा हे उठले, ड्रिल काढलं आणि कमोडच्या बाजूला भिंतीवर स्टीलची दांडी ठोकून ठेवली, धरून उठायला. मी आले तर जमिनीवर बसलेले, अंगाला घामाच्या धारा, सगळ्या अंगावर पांढरी धूळ. मला म्हणाले, आईला म्हणावं आता जा बिनधास्त. ते त्यांचं शेवटचं काम. त्यानंतर अंथरुणातून उठले नाहीत, आणि पुढे गेले.

सासूबाईंना त्या दांडीचा आधार नुसता उठायचा नव्हता. येईल त्याला सांगायच्या, मरणाच्या दारात होता माझा थोरला, पण आईसाठी उठला. धुतलेल्या पदरानं दांडी पुसायच्या. कुणाला काय धरून जगायचं असतं ते ज्याचं त्याला.

हे गेल्यावर काही महिन्यांनी सासूबाईंच्या खोलीतल्या भिंतीला ओल आली. त्यांची खोली संडासाच्या पाठीलाच आहे, आणि कॉट त्याच भिंतीला लागून. आधी रंगाला फोड आले, मग पोपडे, मग चादरीची ती कड हाताला गार लागायला लागली. खोलीत कुबट वास. सासूबाईंना खोकला धरला. डॉक्टर म्हणाले म्हातारीला त्या ओलीतून आधी हलवा. पण हलवणार कुठे? त्या कॉटवरून भिंत धरत धरत त्या संडासापर्यंत एकट्या जायच्या, दुसरीकडून जमत नव्हतं. आणि तेवढं एकटीनं जाणं, एवढंच त्यांच्या हातात राहिलं होतं. एका पावसाळी हवेत खोकला छातीत उतरला तेव्हा डॉक्टरांनी भावजींना बाजूला घेऊन सांगितलं, भिंत नाही सुकली तर ह्या जातील.

भावजी कामाला लागले. बटणाची प्लेट काढली, की आत हात जाईल एवढी खिडकी असते, त्यातूनच काय ते करायचं. आधी तळाचा वॉशर बदलला. मग टाकीत कपड्यांची नीळ टाकली, की पाणी कमोडमध्ये झिरपत असेल तर निळं दिसेल. कमोड पांढराशुभ्र. फ्लोट बदलला, पाणी येतं तो सांधा बदलला. मग येणारं पाणी बंद करून आत पेन्सिलनं रेघ मारली, आणि आम्हाला सगळ्यांना दम दिला, की कुणी संडासात पाऊल टाकायचं नाही. आम्ही शेजारी जायचो, सासूबाईंना कॉटवरच भांडं. दुसऱ्या दिवशी बघितलं तर पाणी रेघेला चिकटून. थेंब कमी नाही. म्हणजे टाकी बरी, सांधे बरे. प्लेट लावली, आम्ही परत जायला लागलो, आणि चार दिवसांनी भिंत पुन्हा ओली.

किती वेळा केलं असेल हे. दर वेळी तीच तऱ्हा. परीक्षा घ्यावी तर टाकी शहाणी, आणि पाठ फिरवली की गळते. मी म्हणाले, भावजी, तुम्ही घरात असताना शाळेतल्या पोरासारखी वागते ती. पहिल्यांदा हसले. नंतर हसले नाहीत.

फरशी फोडून बघायचं एकदाच बोलले. सासूबाई कॉटवर उठून बसल्या. म्हणाल्या, माझ्या लेकाच्या हातची भिंत आहे ती. मी गेले की फोडा. त्यानंतर तो विषय नाही.

सासूबाईंचे भाऊ, आमचे मामा, दर आठवड्याला बहिणीला बघायला यायचे. जिभेला हाड नाही. आल्या आल्या विचारायचे, काय गळके साहेब, सापडलं का? सासूबाईंसमोर, शेजाऱ्यांसमोर. ते नाव बाहेर गेलं. नाक्यावरच्या चहावाल्यापर्यंत गेलं. भावजी ज्या ठेकेदाराकडे नेमानं काम करायचे त्यानं एका नव्या इमारतीचं काम दुसऱ्याला दिलं, वर म्हणाला, आधी घरचं बघ रे, मग लोकांचं बघू. भावजींनी मला हे हसत सांगितलं, पण ताटातलं तसंच ठेवून उठले.

मग ते एक करायला लागले ते मला जास्त लागलं. सुट्टीच्या दिवशी सायकल काढून जुन्या जुन्या कामांवर जायचे. कुणाचं तरी दार वाजवायचं, आणि विचारायचं, मी तुमच्याकडे नळ बसवले होते, गळत नाहीत ना? माणसं घाबरायची, का, काय झालं? एका बाईंनी तर दुसऱ्याला बोलावून सगळं तपासून घेतलं. मी म्हणाले, अहो, स्वतःच्या पायावर धोंडा का पाडून घेताय? ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसले होते. स्वतःचे पंजे उलटे सुलटे करून बघत होते. म्हणाले, "वहिनी, मी बंद कर म्हणालो होतो दादाला. तेव्हा हात कोरडा होता. का मलाच कळला नाही? हात गेला असेल माझा तेव्हाच, तर मी किती भिंती बंद करायला लावल्या."



सापडलं ते असं. पुन्हा एकदा पाणी बंद करून, रेघ मारून ठेवली होती. प्लेट काढलेली, बटणच नाही, म्हणजे फ्लश करायची सोय नाही. दुपारी सासूबाईंनी भांडं नको म्हणून हट्ट धरला आणि मी वाटण करत होते तेवढ्यात उठून गेल्या आत. उठता येईना तेव्हा हाक मारली. मी धावले, त्यांनी दांडी धरली, मी काखेत हात घातला, कशाबशा उठवल्या. मी बादलीनं पाणी ओतलं आणि त्यांना कॉटवर नेलं. भावजी जेवायला आले तेव्हा मी भीत भीत सांगितलं, आई आत जाऊन आल्या, तुमची परीक्षा मोडली. ते बॅटरी घेऊन बघायला गेले.

मग हाक आली, वहिनी, जरा या.

पाणी रेघेच्या खाली गेलं होतं. नळ बंद, बटण नाही, बादलीचं पाणी कमोडमध्ये, तरी टाकीतलं उतरलं होतं. आणि उतरून एका जागी थांबलं होतं. भावजी म्हणाले, नुसतं भोक असतं तर रोजच गळलं असतं, हे आजच उतरलं आणि मधेच थांबलं, म्हणजे काहीतरी उघडलं आणि परत मिटलं. मला विचारलं, आई कशा उठल्या? मी म्हणाले, कशा म्हणजे, नेहमीसारख्या, दांडी धरून.

ते दांडीकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, दादाचा दाढीचा आरसा आणा. मी आणला. त्यांनी नळ सोडून टाकी भरली, खिडकीतून आरसा आत धरला, बॅटरी धरली, आणि मला म्हणाले दांडी ओढा, अंगाचा भार टाकून. मी ओढली. म्हणाले सोडा. मी सोडली. पुन्हा ओढा. मग त्यांनी आरसा माझ्या हातात दिला आणि मला दाखवलं. टाकीच्या कडेतून एक बारीक टोक आत घुसलेलं होतं, दांडीच्या स्क्रूचं. गंजून लाल. त्यांनी दांडी ओढली की ते टोक तिरकं व्हायचं आणि बाजूनं पाणी पळायचं. सोडली की बसायचं जागेवर, बूच मारल्यासारखं. आम्ही परीक्षा घ्यायचो तेव्हा सासूबाई आत जायच्याच नाहीत, दांडीला हात लागायचाच नाही, मग गळणार कुठून. बाकीचे आम्ही कुणी दांडी धरत नव्हतो.

भावजी कमोडच्या झाकणावर बसले. आरसा पुसत बसले. भिंतीत टाकी कुठवर आहे हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, एक ज्यानं बसवली आणि एक ज्यानं झाकली. म्हणून तर त्यांनी दांडीवर संशय घेतला नव्हता, सगळा संशय स्वतःवर घेतला. मी म्हणाले, ह्यांना कसं कळलं नाही हो? त्यांनी दांडीवर हात ठेवला, कुठे लावलीय ते बघितलं. नेहमी लावतात त्याहून टाकीच्या अंगाला सरकून होती. म्हणाले, "कळलं असणार. आईचा हात आखूड. पोचावा म्हणून अलीकडे घेतली. वाटलं असेल, बोटभर जागा आहे. बोटभर नव्हती."

मग म्हणाले, आईला सांगायचं नाही. तुम्ही पण नाही.

पलीकडून सासूबाई विचारत होत्या, सापडलं का रे? भावजी त्यांच्या खोलीत गेले, मी मागे. दाराशी उभं राहून म्हणाले, "सापडलं आई. माझाच सांधा ढिला होता. नीट आवळला नव्हता मी."

सासूबाई म्हणाल्या, "मला वाटलंच. थोरला असता तर तुझ्याकडून आवळून घेतला असता."

ते हो म्हणाले.

मी स्वयंपाकघरात त्यांना घेरलं. म्हणाले, हे काय, तुमची चूक नसताना, आधीच बाहेर नाव गळके पडलंय, त्यात आता तुम्हीच कबूल केलं, मामा गावभर करतील. आईंना सांगा, त्या समजून घेतील. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "त्या दांडीवर जगतीय ती वहिनी. आणि दादा काही बोलायला येणार नाही. माझ्याबद्दल कुणी बोललं तर मी आहे ना, उलटून बोलीन."

उलटून बोललेलं मी तरी कधी ऐकलं नाही.

दुरुस्तीसाठी एक फरशी काढावीच लागली. सासूबाईंना सांगितलं, दांडी हलतेय ती पक्की करतो, त्यासाठी एकच काढतो. त्यांनी दाराशी खुर्ची टाकायला लावली आणि बघत बसल्या, डॉक्टर कापतोय आणि आपण पहाऱ्याला, तशा. भावजींनी बाजूनं हात घालून ते भोक रबर आणि नटबोल्ट लावून बुजवलं. लोहाराकडून लांब दांडी करून आणली, तिचे स्क्रू टाकीपासून लांब, विटेत, पण टोक सासूबाईंच्या हाताला पोचेल असं वळवून घेतलेलं. म्हणाले, जुनीच पॉलिश करून आणली. सासूबाईंची नजर अधू, त्यांनी हात फिरवला आणि खरं मानलं. मग भावजींनी स्वतः लोंबकळून बघितलं. पाय उचलून. भिंतीवर हात फिरवला. हात कोरडा.

फरशी परत लावायला दुसऱ्या कुणाला बोलावूया म्हटलं तर नको म्हणाले, दादाच्या भिंतीला परका हात नको. स्वतः लावली. आयुष्यभर भावाला फरशी लावताना बघितलं, पण बघून हात येत नाही. तिरकी बसली. सासूबाईंना नजर अधू असूनही ती तिरकी फरशी नेमकी दिसली. कुणी लावली ही? मी, म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, दिसतंय.

भिंत हळूहळू सुकली. खोकला गेला. सासूबाई त्यानंतर चांगल्या जगल्या, आणि येईल त्याला दोन्ही गोष्टी सांगत जगल्या, थोरल्यानं दांडी लावली आणि धाकट्यानं टाकी गळवली. भावजी समोर बसून जेवत असायचे. मामा म्हणायचे, काय गळके साहेब, वाढा म्हणावं का आमटी, का ताटही गळतं? भावजी म्हणायचे, वाढा. ठेकेदाराचं काम परत आलं नाही. मग इकडे तिकडे, नळ बदल, मोरी तुंबली ते काढ, अशी किरकोळ कामं. नव्या भिंती बंद करायला पुन्हा कुणी बोलावलं नाही. त्यांनीही कुणाच्या दारात जाऊन विचारलं नाही. सासूबाई झोपेतच गेल्या. तेव्हा मी म्हणाले, आता तरी सांगा मामांना. ते म्हणाले, आता कुणाला कशाला.

ह्या वर्षी त्यांना धाप लागायला लागली. छातीत पाणी झालं. सुई घालून काढायचे, परत भरायचं. डॉक्टरांना कळत नव्हतं कुठून येतं. मी दवाखान्यात भेटायला गेले तर म्हणाले, वहिनी, डॉक्टरांना म्हणावं नीळ टाकून बघा. मला हसू आलं आणि मग बाहेर येऊन बाकावर बसून राहिले. ते शेवटचं नीट बोलणं.

तर मामांचं सांगायचं राहिलं. भेटायला आले होते. आता तेही थकलेत, काठी आलीय. सगळ्यांसमोर म्हणाले, गुणी होता, पण भावाचा हात नव्हता त्याला. मग संडासाला जायचं म्हणाले. मी दारापर्यंत पोचवलं, बाहेर थांबले. उठताना दांडी धरल्याचा आवाज आला, धप्पकन सगळा भार टाकलेला. बाहेर आले, धोतर सावरलं, म्हणाले, दांडी मजबूत आहे हं. तुझ्या नवऱ्याचं काम. अजून तसूभर हलत नाही.

मी म्हणाले, "ती भावजींनी लावलीय मामा. ह्यांची होती ती काढून टाकावी लागली."

ते जाता जाता थांबले. का, म्हणाले. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, आत्ता तुम्हाला सांगितलं तसं. स्क्रू, आरसा, सगळं. मामांनी एकदा आत वळून बघितलं. मग म्हणाले, जाऊ दे आता, माणूस गेला, कशाला त्या गोष्टी. आणि काठी टेकत बाहेर जाऊन बसले. बाहेर कुणीतरी विषय काढलाच होता, घरची टाकी वगैरे. मामा गप्प बसले होते. नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत.

म्हणून मी लिहिलं. ह्यांची चूक सांगितली म्हणून ह्यांना वाईट वाटणार नाही, ते असते तर त्यांनीच पहिल्यांदा कपाळावर हात मारून घेतला असता. माझी मुलगी म्हणते संडास नवा करून घेऊ, ती एक फरशी फार तिरकी दिसते. मी नको म्हटलंय.